पार्किंगमधला तोंडी हिशेब: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

सांगलीत विश्रामबागला आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी आठला पंधरा-वीस मुलं जमतात. गाड्या बाहेर, दोन सतरंज्या खाली, आणि साडेनऊपर्यंत तोंडी हिशेबाचे खेळ. मी शिक्षिका नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसण्यात गेली, आणि वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, म्हणून आकड्यांची भीती घरात कधी कुणाला नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात आणि मीही तीच तीच उत्तरं टाइप करते. एकदाच नीट लिहून ठेवते.

ही शिकवणी आहे का? फी किती?

शिकवणी नाही, फी नाही. कुणी वही आणली तर ती परत पिशवीत ठेवायला सांगते.

कितवीतली मुलं चालतात?

दुसरी ते सातवी. पण धाकटी भावंडं शेपटासारखी मागे येतातच. त्यांना मी सापशिडीवर बसवते, आणि तो टाइमपास नाही. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी २००८ साली शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. १ ते १० आकडे एका रांगेत असलेल्या पटावर मुलांना पंधरा-पंधरा मिनिटं चार वेळा खेळवलं. तेवढ्यानेही त्यांची संख्यांची समज वाढली. तसाच, पण आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांची वाढली नाही.

घरी खेळताना एक करा. सोंगटी सत्तेचाळीसवर आहे आणि फासा तीन पडला, तर मूल ‘एक, दोन, तीन’ म्हणत पुढे जातं. त्याला ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास’ असं म्हणत न्यायला सांगा. एवढ्या एका बदलाने सापशिडीचं गणित होतं.

आमचं पोर हरलं की रडतं. मग स्पर्धा हवीच कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि सुरुवातीला माझीच चूक झाली होती ती सांगते.

‘टाळी’ हा खेळ तुम्हीही खेळला असाल. गोल बसायचं, एक-दोन-तीन मोजत जायचं, सातच्या पाढ्यातला किंवा ज्यात सात आहे असा आकडा आला की बोलायचं नाही, टाळी वाजवायची. चुकला तो बाद. तिसरीतला एक मुलगा दर वेळी चौदाला नाहीतर सतराला बाद व्हायचा. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी तो गोलात नव्हता. कोपऱ्यातल्या स्कूटरमागे बसून नंबरप्लेटवरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत होता. त्याला ‘ये’ म्हटलं तर म्हणाला, ‘काकू, मी इथंच बरा आहे, तसा पण जाणारच आहे ना.’

त्या दिवशी मी एका पावतीच्या मागे रेघा मारल्या. कोण किती वेळा उत्तर देतंय, एवढंच मोजलं. नेहमी जिंकणाऱ्या पाचवीतल्या मुलीच्या नावापुढे साठाच्या वर रेघा झाल्या. आदल्या रविवारी तो मुलगा खेळला होता, तेव्हा त्याच्या वाट्याला किती आलं असेल? आठवून आठवून मोजलं तरी चार. जिला सरावाची गरजच नव्हती तिला साठ, आणि ज्याला होती त्याला चार. बाकीचा वेळ तो काय शिकत होता? बसून राहायला.

म्हणजे स्पर्धेत वाईट काही नाही, वाईट आहे ते ‘बाद’. तो शब्द आम्ही बंद केला. आता टाळीत चुकणाऱ्यापासूनच मोजणी पुन्हा सुरू होते, आणि मोजायचं ते एवढंच की आज सगळ्यांनी मिळून कुठवर मजल मारली. खांबावर खडूने लिहून ठेवलेलं असतं: ४८, ५१, ४०, ६६. गेल्या रविवारचा आकडा मोडायचा म्हणून हीच हुशार मंडळी आता त्या तिसरीतल्याला अलीकडून हळूच खुणावतात. खुणावू देते मी.

पण स्पर्धा काढून टाकली नाही, टाकणारही नाही. रविवारी सकाळी कुठलं मूल आपणहून पन्नास गुणाकार करील? खेळात करतं, वर ‘अजून एक डाव’ म्हणतं. फक्त भीती आत येता कामा नये. तोंडी हिशेब करताना मधले आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात, आणि तिथे जागा मुळातच थोडी असते. ‘सगळे माझ्याकडे बघतायत’ हा विचार नेमका त्याच जागेत येऊन बसतो. मग येणारं उत्तरही येत नाही.

कोणते खेळ घेता? घरी घेता येतील का?

येतील. सगळ्यात जास्त चालतो तो दोन पानांचा डाव. पत्त्यांच्या कॅटमधून राजा, राणी, गुलाम काढून टाकायचे, एक्का म्हणजे एक. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाने दोन पानं उलटायची आणि आपला गुणाकार मोठ्याने सांगायचा. ज्याचा मोठा, चारही पानं त्याची. लहानांनी बेरीज करायची. यात घाई नाही, पानं नशिबाची. तिसरीतल्याला नव्वी आणि अठ्ठी आली आणि समोरच्या सातवीतल्या ताईला दश्शी आणि सत्ती, तर बहात्तर विरुद्ध सत्तर, ताई हरली! त्या पोराचा चेहरा बघायचा तेव्हा. आता खरी खुबी: समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं आणि तुम्ही ते पकडून बरोबर सांगितलं, तर पानं तुमची. त्यामुळे दुसऱ्याचा गुणाकारही मनात करावाच लागतो. चित्रांची पानं बाजूला काढल्यावर चाळीस राहतात, म्हणजे दहा डाव, म्हणजे प्रत्येकाचे आपले दहा आणि समोरच्याचे दहा असे वीस गुणाकार. हरलेल्याचेही वीसच.

दुसरा ‘चोवीस’. हा अमेरिकेत रॉबर्ट सन यांनी १९८८ साली खास कार्डं काढून बाजारात आणला, आम्ही साधे पत्तेच वापरतो. चार पानं मांडायची, प्रत्येक आकडा एकदाच वापरून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करून चोवीस आणायचे. एकदा चौकी, सत्ती आणि दोन अठ्ठ्या आल्या. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं: आठाला आठाने भागा, एक आला, तो सातातून काढा, सहा राहिले, सहा चोक चोवीस. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘आठ साती छप्पन, आठ चोक बत्तीस, छप्पनातून बत्तीस गेले, चोवीस.’ मी ‘वा’ म्हणतेय तोवर चौथीतला एक पोरगा कुरकुरला, ‘एवढं कशाला? सातातून चार गेले तीन, आठ त्रिक चोवीस. पण एक आठ उरतोय.’ नियमाने त्याचं उत्तर बसत नव्हतं, त्याचा एक पत्ता शिल्लक होता. पण दोघांनी एकच गोष्ट केली होती. सात वेळा आठ, त्यातून चार वेळा आठ काढले, तर तीन वेळा आठच राहणार. हे त्या मुलीच्या लक्षात आलं आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. मी मध्ये बोलले नाही. असं काही घडलं की त्या रविवारी बाकी काही नाही झालं तरी चालतं.

चोवीसमध्ये पहिलं उत्तर सांगणाऱ्याला एक गुण, पण दुसरी वाट शोधणाऱ्याला दोन. त्यामुळे चपळ मुलांच्या हातात सगळा डाव जात नाही.

तिसरा एकवीस बेदाण्यांचा. दोघांच्या मध्ये एकवीस बेदाणे, आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. यातली मेख मी मुलांना सांगत नाही, तुम्हीही सांगू नका, पण तुमच्यासाठी लिहिते: दुसऱ्या नंबरने खेळायचं आणि दर फेरीला दोघांचे मिळून चार होतील असे उचलायचे. पाच फेऱ्यांत वीस संपतात आणि एकविसावा समोरच्याच्या गळ्यात. मुलं हे दोन-तीन रविवारांत आपण शोधतात आणि मग घरी वडिलांना हरवतात. तसे दोन वडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते.

मोठ्यांसाठी कापरेकरांचा आकडा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, मग चढते लावा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकता आणि तिथून हलत नाही. ३५२४ घेऊन बघा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आमची चढाओढ अशी की कुणाचा आकडा जास्त पायऱ्या टिकतो. यात पाटी लागते. पण पाटीवर वजाबाकी करायला मुलांनी आपण होऊन मागावी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पत्ते? आमच्या सासूबाईंना हे अजिबात आवडलेलं नाही.

त्यांना एका रविवारी घेऊन या. अशाच एक आजी आल्या होत्या. आता दोन पानांच्या डावात त्यांना कुणी जोडीदार मिळत नाही, सगळे घाबरतात.

आमचा वर्गात पहिला असतो. त्याला कंटाळा नाही का येणार?

त्याच्या कॅटमधून एक्का, दुर्री, तिर्री आणि दश्शी काढून टाकते. मग त्याला सोपं पान येतच नाही. तरीही जिंकत राहिला तर उत्तर दोन वाटांनी सांगायचं. अशा मुलांची गंमत म्हणजे त्यांना उत्तर येतं, ते कसं आलं हे सांगता येत नाही. ‘असंच आलं’ म्हणतात. असंच कसं येईल?

बोटं मोजली तर चालतं का?

चालतं. सतरंजीखाली हात लपवून मोजतात ते मला चालत नाही.

हल्ली पाढे पाठ करणं जुनाट मानतात ना?

मी मानत नाही. पाढा पाठ नसेल तर प्रत्येक गुणाकार नव्याने करायला लागतो आणि पुढचं गणित सुरू होण्याआधीच मूल दमतं. पण नुसत्या सुरात म्हटलेला पाढाही अर्धाच. ‘सात साती?’ विचारलं की काही मुलं ‘सात एके सात’पासून गाडी सुरू करतात. त्यांना पाढ्याची चाल येते, पाढा नाही. म्हणून आम्ही पाढे मधूनच विचारतो, आणि उलटेही: ‘छप्पन कुणाकुणाच्या घरी येतात?’

आणि एक हौस माझी. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं मुखोद्गत होतं. औट म्हणजे साडेतीन. आता तेवढं पाठ करा असं कुणाला सांगत नाही, पण त्यातली युक्ती फुकट का घालवायची? ‘साडेतीन क्विंटल हळद, भाव चौदा हजार दोनशे’ असा हिशेब मी मोठ्या मुलांना घालते. वडील तिप्पट करून निम्मे मिळवायचे: बेचाळीस हजार सहाशे आणि सात हजार शंभर, एकोणपन्नास हजार सातशे. एका मुलीने सातपट करून निम्मं केलं. वडिलांना आवडलं असतं.

मुलगी सेमी-इंग्रजीला आहे. तिला ‘एकोणसत्तर’ कळत नाही, इंग्रजीतून घेता का?

दोन्ही चालतात, पण हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

मराठीत आपण एकक आधी बोलतो. त्रेसष्ट म्हणजे आधी तीन, मग साठ. लिहिताना मात्र सहा आधी. म्हणून लहान मुलं त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. हा मुलांचा दोष नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही म्हणता येईल असा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या आणि जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम यांनी मुलं अडखळतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. विनोद फार झाले त्यावर, मुद्दा मात्र खरा होता. आपल्याकडे जतकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना विचारा. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, वीस आधी, एक नंतर. त्या मुलांची ही चूक कमी होते, असं मी माझ्या सतरंजीवर तरी पाहिलंय. (विटीदांडूतलं आपलं ‘वकट, लेंड, मुंड’सुद्धा तेलुगूच्या अंगाचंच. खेळताना आपल्याला परके आकडे कधी जड गेले नाहीत.)

पण मराठीची एक बाजू फार सोयीची आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीसपासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक नावातच ‘एक कमी’ सांगितलंय. फक्त नव्याण्णव तेवढा फटकून वागतो. एकोणपन्नास अधिक सदतीस करायचे तर मुलीला म्हणा, नावच ऐक: पन्नासाला एक कमी. पन्नास आणि सदतीस सत्त्याऐंशी, एक काढला, शहाऐंशी. तुमच्या मुलीला ‘एकोण’ म्हणजे काय एवढं एकदा उलगडून सांगा. आमच्याकडे अशाच एका मुलीने लगेच विचारलं होतं, ‘मग एकोणशंभर का नाही म्हणत?’ मला उत्तर आलं नाही.

घड्याळ लावता का?

क्वचित, आणि ते स्वतःच्या गेल्या रविवारच्या वेळेशी. दुसऱ्याच्या वेळेशी नाही.

अ‍ॅबॅकसचा क्लास लावलाय. तो बंद करू का?

आवडत असेल तर कशाला बंद करता? बडोद्यात काही मानसशास्त्रज्ञांनी मनातल्या अ‍ॅबॅकसची तीन वर्षं नीट परीक्षा घेतली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकून मुलांचे गट केले होते. अ‍ॅबॅकसवाल्यांची आकडेमोड इतरांपेक्षा सुधारली. पण स्मरणशक्ती, एकाग्रता, बुद्धी अशा गोष्टींत फरक दिसला नाही. तेव्हा आकडेमोडीसाठी जरूर पाठवा. ‘मेंदूचा सर्वांगीण विकास’ असं जे फ्लेक्सवर लिहिलेलं असतं, त्यासाठी नको.

मोबाइलवरचे गणिताचे गेम?

दहा मिनिटं ठीक. पण मोबाइल ‘चूक’ म्हणून लाल होतो आणि पुढे जातो, ‘तू छप्पन कसे आणलेस?’ असं विचारत नाही.

याने शाळेत मार्क वाढतील का? शिष्यवृत्तीला उपयोग होईल?

खरं सांगू? आपोआप नाही.

दिल्लीत ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेच्या बालवाड्यांमध्ये अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना काही महिने गणिताचे खेळ खेळवले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. नजरेने कमी-जास्त ओळखणं, आकार ओळखणं यात मुलं पुढे गेली आणि ते टिकलंही. पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात मात्र ती इतरांच्या पुढे नव्हती. मग २०२५ साली डुफ्लो, अभिजित बॅनर्जी आणि इतरांचा आणखी एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी चोख करत होती, पण तेच गणित पुस्तकी रूपात मांडलं की अडत होती. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं, बाजारात त्यांची दांडी गुल. हे वाचून मला यार्डातले हमाल आठवले. पोत्यांचा हिशेब बोटावर, आणि पोराची वही समोर आली की ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’.

म्हणून शेवटची पंधरा मिनिटं पाटीची. आज जो डाव जिंकलात किंवा हरलात, तो चिन्हांत मांडायचा. ‘सातातून चार गेले, आठ त्रिक’ म्हणणाऱ्या त्या पोराने त्या दिवशी (७ − ४) × ८ लिहिलं, आणि कंस कशाला असतो हे मला त्याला शिकवावं लागलं नाही. घरी खेळत असाल तर एवढं पाटीचं काम टाळू नका.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर आकडेमोडीत वेळ वाचेल. बाकी अभ्यास करावा लागेल.

आमच्याकडे एकच मूल आहे, रविवारी येणं जमत नाही. काय करू?

बाजारात न्या आणि त्याच्याशी पैज लावा. भाजीवालीने सांगायच्या आत बिल कोण सांगतो? अठ्ठेचाळीस रुपये किलोने अडीच किलो टोमॅटो: दोन किलोचे शहाण्णव, अर्ध्याचे चोवीस, एकशे वीस. एकशे सत्त्याऐंशीचं बिल आणि पाचशेची नोट दिली, तर उसने घेत वजाबाकी करू नका, भाजीवाली करते तसं वर चढत जा: तीन घातले, एकशे नव्वद, दहा घातले, दोनशे, तीनशे घातले, पाचशे. परत आले तीनशे तेरा. तुम्ही कधीकधी मुद्दाम हरा, पण फार नाटक करू नका, मुलांना लगेच कळतं.

आणि तिथे चुकला तर चारचौघांत ओरडू नका. भाजीवाली तशीही त्याला कोथिंबीर जास्त देते.

बक्षीस काय देता?

बेदाणे. सांगलीत राहून चॉकलेट कशाला वाटायचं? डावात गुणांऐवजी बेदाणेच वापरतो, त्यामुळे एक अडचण होते: मुलं गुण खातात. एका रविवारी अंतिम डावाला दोघांचे गुण मोजायला गेले, तर एकाच्या मुठीत सात आणि दुसऱ्याचं तोंड भरलेलं. मोठा वाद. शेवटी ठरलं की पोटातले धरायचे, पण किती खाल्ले हे जोडीदाराने वजाबाकीने सिद्ध करायचं: सुरुवातीला किती होते, जिंकले किती, दिले किती, मुठीत किती. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला हिशेब तोच झाला. आता तो नियमच आहे.

काय आणायचं? पावसात असतं का?

एक पाटी, खडू, पाण्याची बाटली. पत्त्यांचा कॅट असेल तर आणा, आमच्याकडच्या दोन कॅटांतल्या मिळून तीन सत्त्या हरवल्या आहेत. पार्किंग झाकलेलं आहे, त्यामुळे साध्या पावसात असतं. कृष्णेचं पाणी वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नसतं, कारण तेव्हा गाड्या आत लागतात.